सत्तेचाळिसावी

उद्यमबागेत रात्रपाळी असली की
आभाळ तांबूस असतं, भट्ट्यांच्या उजेडानं.
त्यात चांदणी शोधायची तर मच्छे ओलांडून
पार खानापूर रस्त्याला लागावं लागतं.
मी शोधत नाही.
माझ्याकडं नुसता तक्ता आहे,
एका गुच्छातल्या त्र्याऐंशी दीर्घिका,
प्रत्येकीसमोर तिचा वेग
आणि पुढं, अधिक-उणे एवढा एवढा.

एरवी मी व्हॉल्व्ह शांत करते.
म्हणजे असं, की सिलिंडरला सांगितलं इथं थांब
तर तो पुढं जातो, लाजून मागं येतो,
जरा जास्तच मागं, परत पुढं.
ही लाज किती झोक्यांत संपावी
याचं गणित आहे, त्याचा मला पगार मिळतो.
आतला दाब दिसत नाही.
दिसतो दांडा, त्याचं जाणं-येणं,
त्यावरून पोटातलं ओळखायचं.
आणि ओळखता येईल की नाही, हेही आधी
मॅट्रिक्स मांडून बघायचं.
एखादी ओळ दुसरीचीच नक्कल निघाली
तर हात टेकायचे.
आत कुणीतरी आहे,
ते बाहेर कधीच काही बोलणार नाही.

ईरण्णा मास्तमर्डी मॅट्रिक्स मांडत नाही.
काळ्या काचेतून रसाकडं बघतो,
"चौदाशे वीस," म्हणतो.
पायरोमीटर मागनं येऊन चौदाशे सव्वीस सांगतो.
गार झालेलं कास्टिंग हातोडीनं ठोकतो, कान देतो,
"ह्याच्या पोटात भोक हाय."
कापून बघितलं. होतं, वाटाण्याएवढं.

हा गुच्छ मी असाच ठोकून बघते.
उजेड मोजला, उजेडावरून वजन काढलं,
त्या वजनाला हे वेग झेपत नाहीत.
एवढ्याशा सुतळीवर एवढी गोफण गरगरली
तर दगड केव्हाच शिवारापल्याड जायचा.
गेलेला नाही.
दिसणाऱ्याच्या कितीतरी पट न दिसणारं
धरून बसलंय सगळ्यांना.

आज अडलं ते सत्तेचाळिसावीवर.
तिचा वेग सरासरीपासून
तीन प्रमाण-विचलनांच्या रेषेला
बाहेरच्या अंगानं चिकटलेला.
घेतली तर वजन दहा टक्क्यांनी फुगतं,
वगळली तर आलेख सुबक येतो.
नियम म्हणतो, वगळा.
पुढची नाहीतर मागची कुणीतरी,
वाटेत उभी म्हणून तुमच्यातली वाटते.

चहाला ईरण्णानं स्क्रीनकडं बोट केलं.
"ही तेवढी लाल का केलीस?"
मी सांगितलं. रेषा. आत, बाहेर.
त्यानं बशीत चहा ओतला.
मागं शिरगणतीचा मास्तर आला होता दारात,
त्याच्या रकान्यात भाषा एकच मावायची.
आई म्हणाली मराठी, बायको म्हणाली कन्नड,
पोरगी आतनं ओरडली, दोन्ही लिवा.
"मग?"
"मग काय. बायकोकडं पाणी मागितलं कन्नडमधनं,
आईला येतो म्हणाला, मराठीतनं.
काय लिवलं ते कोण बघितलंय."
बशी फुंकत राहिला.
"हिला विचारलीस काय?"

हिचा हा उजेड निघाला
तेव्हा विचारायला इथं कुणी नव्हतं, म्हटलं.
"मग इरली बिडु," म्हणाला,
आणि भट्टीकडं गेला.

इरली बिडु हे काही सूत्र नाही.
पण मी रेषा खोडली,
तिच्या जागी एक उतार बसवला
आणि प्रत्येकीला विचारलं, किती आत?
सत्तेचाळिसावीला शून्य पूर्णांक एकतीस.
पूर्ण एक कुणालाच नाही,
मधोमध बसलेल्या त्या तेजाळ थोरलीलाही नाही.
वजन आता एक आकडा राहिलेलं नाही,
राजहंसगडासारखं पसरट टेकाड झालंय,
माथा दाखवता येतो,
पायथा कुठनं सुरू होतो ते येळ्ळूरकरांना विचारा.

सहाचा भोंगा झाला.
बेंचवर नवा व्हॉल्व्ह, तेलाचा एक थेंब
पडू की नको करत लोंबलेला.
सिलिंडरला म्हटलं, इथं थांब.
गेला पुढं.